सगळ्यांना एकच यादी: रतनवाडी ते हरिश्चंद्रगड मोहिमेच्या सामानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातली एक मराठी माध्यमाची शाळा. नववी-दहावीची वीस मुलं, त्यांत नऊ मुली. सोबत चार मोठी माणसं: मोहीमप्रमुख सर, क्रीडाशिक्षिका मॅडम आणि शाळेचे दोन माजी विद्यार्थी. नाताळच्या सुट्टीत रतनवाडीहून हरिश्चंद्रगडापर्यंत तीन मुक्कामांची पदयात्रा ठरली होती. शाळेचं, गावाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. काही तपशीलही ओळख पटू नये इतपत बदललेले आहेत. तयारीच्या बैठकांना मी बाहेरचा माणूस म्हणून बसत होतो आणि परतल्यावर सगळ्यांशी बोललो. प्रत्यक्ष चालीत मी नव्हतो.

वाट सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून गाडीने घोटी, भंडारदरा, शेंडी आणि रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळाजवळ पहिला मुक्काम. रतनगड, म्हणजे साधारण १,२९७ मीटर उंची आणि वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या, करून पुन्हा रतनवाडीला. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पेठेची वाडी, पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड, १,४२४ मीटर. चौथ्या दिवशी पाचनईला उतरून राजूरमार्गे घरी. सगळा मुलूख अकोले तालुक्यातला आणि १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला.

डिसेंबरच्या अखेरीस या भागात दिवसा ऊन चटकतं आणि रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा असला तर त्याहून गार वाटतं. पाऊस नसतो, पण पहाटेचं दव तंबूचं बाहेरचं कापड पिळून निघेल इतकं पडतं.

अडचण कुठून सुरू झाली

शाळेकडे सामानाची एक जुनी यादी होती. कोणीतरी कधीतरी हिमालयातल्या शिबिराची यादी मिळवली, तिच्यात सह्याद्रीच्या चार ओळी घुसवल्या आणि पुढे दरवर्षी तिच्याच झेरॉक्स निघत राहिल्या. दोन स्वेटर, एक जॅकेट, थर्मलचा जोड, तीन पँट, चार टीशर्ट, स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई), ताट-वाटी-मग, सँडल, विजेरी, सुका खाऊ. त्याखाली ‘सामूहिक सामान’: आठवड्याला पुरेल एवढा शिधा, दोन स्टोव्ह, गॅसचे डबे, पातेली, सहा तंबू, तीस मीटर दोर, प्रथमोपचार पेटी. हे सामूहिक सामान हजेरीच्या क्रमाने वाटायचं, अशी पद्धत होती. पहिल्या चौघांत एक तंबू, पुढच्या चौघांत दुसरा, त्यापुढच्यांना पातेली.

न्याय्य वाटावी अशीच पद्धत आहे. सगळ्यांना सारखं. तक्रारीला जागा नाही.

मॅडमनी मोहिमेच्या महिनाभर आधी एक काम केलं. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा आणला, शाळेच्या जिमखान्यात आडव्या बारला अडकवला आणि मुलांना सांगितलं, “यादीप्रमाणे बॅग भरून आणा, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या हव्यात.” पाणी हा शब्द यादीत होता, पण त्याचं वजन कुणी धरलं नव्हतं. कात्राबाईच्या दिवशी वाटेतलं पाणी डिसेंबरात भरवशाचं धरायचं नाही, म्हणून माणशी तीन लिटर ठरलं होतं. म्हणजे तीन किलो. यादीतल्या कुठल्याही वैयक्तिक वस्तूपेक्षा जड गोष्ट यादीच्या हिशेबातच नव्हती.

काट्यावर बहुतेक बॅगा अकरा ते तेरा किलोंच्या भरल्या. वर्गातला सगळ्यांत थोराड मुलगा बासष्ट किलोंचा. त्याला बारा किलो म्हणजे अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा. जड, पण चालेल. हजेरीत पहिल्या चारांत येणारी एक मुलगी छत्तीस किलोंची. तिच्या वाट्याला तंबूचा भाग आल्याने तिची बॅगही बारा किलोंची. तिच्या अंगाच्या वजनाचा तिसरा हिस्सा.

या वयाच्या मुलांना दिवसभर चालायचं असेल तर पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांत ठेवावं, असा ठोकताळा बहुतेक डोंगरमंडळी पाळतात. त्या हिशेबाने या मुलीला पाच-साडेपाच ते सात किलो. पाण्यासकट.

सगळ्यांना सारखी यादी दिली की ओझं सारखं वाटलं जात नाही, हे त्या दिवशी काट्यावर दिसलं. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीभोवती फिरला, आणि एका जागी ती विसरली गेल्याने घोटाळाही झाला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरांचा. सगळं आपण वाहायचं, पण सराव वाढवायचा. दर रविवारी जवळचा एखादा डोंगर, दर वेळी बॅगेत एकेक किलो जास्त. सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. “ओझं उचलायची सवय लागली नाही तर मुलं डोंगरात फक्त फिरायला जातील,” असं ते म्हणाले. पण महिनाभराच्या सरावाने छत्तीस किलोंची मुलगी चाळीसची होत नाही.

दुसरा पर्याय एका माजी विद्यार्थ्याने मांडला. रतनवाडीहून राजूरमार्गे कुमशेतला आणि पाचनईला गाडीरस्ता आहे. एक जीप ठरवून मोठं सामान मुक्कामी पोहोचवायचं, मुलांनी पाणी, डबा आणि स्वेटरची पिशवी घेऊन चालायचं. स्वस्त पडलं असतं, सुरक्षितही. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “सामान जीपने आणि मुलं पायी, मग आपण वारीच काढू की.” हसले सगळे, पण विरोध खरा होता. मॅडमचा आक्षेप वेगळा होता: मुलं वाटेत आणि गरम कपडे जीपमध्ये, आणि खिंडीत कुणाला काही झालं तर? ज्याच्यावर रात्र काढावी लागू शकते ते सामान माणसापासून दूर नको. हा मुद्दा मला जास्त वजनदार वाटला.

तिसरा पर्याय बैठकीत तुकड्यातुकड्यांनी तयार झाला. मुक्काम गावांत आहेत तर गावांचा उपयोग करायचा. रतनवाडीत आणि कुमशेतला जेवण आणि ओसरी घरगुती मिळते. हरिश्चंद्रगडावर पाचनईची कुटुंबं पिठलं-भाकरी करून देतात. मग शिधा कशाला? शिधा नाही तर पातेली कशाला?

स्टोव्हचा प्रश्न वेगळ्याच बाजूने सुटला. मंडळी कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणार होती, आणि गॅसचे डबे, रॉकेल, स्पिरिट अशा ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आजवर कितीतरी गट बॅगेच्या तळाशी डबे लपवून गेले असतील. शाळेच्या मुलांना घेऊन ते करायचं नाही, यावर कुणाचंही दुमत झालं नाही. चुलीचा विचार एका मिनिटात मागे पडला. अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि नाताळच्या गवतात ठिणगीला निमित्तच पुरतं.

राहिला तंबूंचा प्रश्न. पहिल्या दोन रात्री ओसरीवर, म्हणजे तंबू फक्त तिसऱ्या रात्रीसाठी लागणार. गडावर गुहा आहेत, पण नाताळात त्यांत पाय ठेवायला जागा नसते. नऊ मुलींना गुहेच्या भरवशावर नेणं मॅडमना मान्य नव्हतं. म्हणून सहाही तंबू ठेवले. चार माणसांचा एक, प्रत्येकी जेमतेम चार किलो. हरिश्चंद्रगडावर तंबू लावण्याचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे जागा आणि परवानगीचं वनखात्याकडे आधी विचारून घेतलं. या चौकशीतूनच कड्याच्या काठापासून लांब, देवळाच्या बाजूला राहायचं ठरलं.

नवी वाटणी

नवी यादी केली नाही, जुनी खोडली. सामान तीन भागांत लिहिलं: अंगावर काय, पाठीवर काय, आणि कुणाच्या पाठीवर.

तिसऱ्या भागात मुलांच्या वजनाचा हिशेब आला. पंचेचाळीस किलोंच्या खालच्या मुलांना सामूहिक सामान शून्य. चारही मोठ्यांकडे एकेक पूर्ण तंबू. उरलेले दोन तंबू चार थोराड मुलांत अर्धे-अर्धे: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे खांब, खुंट्या आणि खालची चटई. दोर सरांकडे. मुलांच्या मोहिमेत दोर कशाला, असं एका पालकांनी विचारलं. दहा मिलिमीटर जाडीचा तीस मीटर दोर दोन किलोंच्या आसपास भरतो. तो शेवटपर्यंत उघडला गेला नाही, पण मला तो काढून टाका म्हणायचं धाडस झालं नसतं.

बॅगांचं प्रकरण त्रासाचं होतं. अर्ध्या मुलांकडे शाळेचीच बॅग. बाकीच्यांनी भाड्याने पन्नास-साठ लिटरच्या सॅक आणल्या आणि त्या मोठ्या माणसांच्या मापाच्या निघाल्या. सॅकचं माप लिटरमध्ये सांगतात. पण पाठीला बसते की नाही हे ठरतं मानेमागच्या टपोऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंतच्या लांबीवर. मुलांची ही लांबी कमी. त्यामुळे कमरेचा पट्टा मांडीवर येत होता आणि सगळा भार खांद्यांवर. पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसला तरच भार पायांकडे जातो, नाहीतर तो नुसता दागिना. मॅडमनी टेप घेऊन एकेकाची पाठ मोजली. ज्यांना सॅक बसली नाही त्यांनी शाळेची मजबूत बॅगच आणायची, आणि तिच्यात पाणी धरून सहा किलोंच्या वर काही घालायचं नाही असं ठरलं. दिसायला गबाळं, पण चालताना त्या बॅगांची तक्रार आली नाही.

झोपण्याच्या सामानावर सर्वांत लांब चर्चा झाली. दुकानातल्या भाड्याच्या स्लीपिंग बॅगांवर ‘०°’ असा शिक्का होता. मॅडमनी विचारलं, कुठला शून्य? ज्या बॅगा युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेल्या असतात त्यांच्यावर एकाहून अधिक तापमानं असतात: आरामात झोप लागेल ते, जेमतेम निभावेल ते, आणि जीव वाचेल इतपतचं टोकाचं. दुकानदार बहुतेकदा सर्वांत लहान आकडा सांगतो. शिवाय ही मापं प्रौढ स्त्री-पुरुषांच्या शरीरावर बेतलेली असतात, मुलांना तशीच्या तशी लागू नाहीत. पण दहा अंशांच्या आसपासच्या रात्रीसाठी एवढं खोलात जायची गरज तरी होती का? शेवटी ठरलं ते साधं. स्लीपिंग बॅग असेल तर ती, नसेल तर सोलापुरी चादर आणि एक लोकरीची शाल. आजीने विणलेला स्वेटर चालेल, माकडटोपी सक्तीची. गोधडी नको, कारण दोन-अडीच किलो एकट्या गोधडीचे. आणि कॅरीमॅट सगळ्यांना, सवलत नाही.

हा शेवटचा नियम काहींनी मोडला. त्याची किंमत पुढे येते.

कपड्यांत एकच भांडण: जीन्स. मुलांना फोटोसाठी जीन्स हवी होती. सरांनी एक जीन्स बादलीत बुडवून पिळून जिमखान्याच्या दोरीवर टाकली, शेजारी ट्रॅकपँट. संध्याकाळी दोन्हींना हात लावायला लावला. पुढे वाद झाला नाही.

मुलींच्या सामानाबद्दल जुन्या यादीत अवाक्षर नव्हतं. ती पुरुषांनी केलेली यादी होती हे त्यावरून कळतं. मॅडमनी मुलींची वेगळी बैठक घेतली. पॅड, वापरलेले परत आणण्यासाठी जुनी वर्तमानपत्रं आणि झिपची पिशवी, अंधारात जायची वेळ आली तर जोडीने आणि विजेरीसह, आणि प्रत्येक तंबूमागे एक खुरपं. ही बैठक पाऊण तास चालली आणि माझ्या मते अख्ख्या तयारीतला सर्वांत उपयोगी पाऊण तास तोच.

सराव आणि झडती

मोहिमेच्या दोन आठवडे आधी सगळे भरलेल्या बॅगा घेऊन नेरळहून पेबच्या किल्ल्यावर गेले. त्या दिवसातून तीन गोष्टी कळल्या. नवे बूट घेतलेल्या मुलांच्या टाचा सोलल्या. त्यांना पुढचे दोन आठवडे शाळेतही तेच बूट घालायला लावले. बॅगेच्या बाहेर लोंबणारी प्रत्येक वस्तू कारवीच्या झुडपांत अडकते. आणि भरताना जड सामान तळाशी टाकलं तर बॅग मागे ओढते. हलकं झोपायचं सामान तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्यांच्या खाली, पाणी हाताला येईल असं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी झडती झाली. मुलं याला छापा म्हणत होती. निघालेल्या वस्तू: ब्लूटूथ स्पीकर, दोन लिटरची थंड पेयाची बाटली, तीन चार्जर आणि डिओचे पाच डबे. डिओ काढून घेण्यामागे शिस्तीपेक्षा मोठं कारण होतं. कड्याकपारींत आग्या मधमाश्यांची मोहोळं असतात, आणि उग्र वास व धूर यांनी त्या उठतात, असं डोंगरातली जाणती माणसं बजावून सांगतात. हे कारण सांगितल्यावर सहावा डबा एकाने आपणहून आणून दिला.

प्रथमोपचार पेटीत एक बारीक चूक सापडली. जलसंजीवनीच्या पुड्या दोन आकारांच्या होत्या, मोठी एक लिटरची आणि छोटी २०० मिलिलिटरची. छोटी पुडी लिटरच्या बाटलीत टाकली तर क्षार कमी पडतात, मोठी पेल्यात टाकली तर घातक इतके जास्त. छोट्या पुड्या काढून टाकल्या. दम्याच्या मुलाचा इनहेलर पेटीत न ठेवता त्याच्या खिशात, आणि दुसरा मॅडमच्या खिशात.

शेवटच्या वजनात बहुतेक बॅगा पाण्यासह सहा ते नऊ किलोंत आल्या. छत्तीस किलोंच्या मुलीची सहा किलोंना थोडी कमी.

काय घडलं

पहिला दिवस चांगला गेला. मोठ्या बॅगा रतनवाडीत ज्या घरी मुक्काम होता तिथे ठेवून, पाणी आणि खाऊची छोटी पिशवी घेऊन रतनगड केला. शिडीवर मुलांच्या पाठी मोकळ्या होत्या. सर म्हणाले की जुन्या पद्धतीने सगळं घेऊन चढलो असतो तर शिडीखाली दोन तास मोडले असते. संध्याकाळी सरांच्याच एका बुटाचा तळवा सुटून लोंबायला लागला. बूट महागडा, पण बरीच वर्षं कपाटात पडलेला. अशा बुटांतला पॉलियुरेथेनचा थर न वापरताही दमट हवेत आतून कुजतो आणि पहिल्याच चालीत भुगा होतो. मुलांचे बूट महिनाभर तपासले, मोठ्यांचे कुणी पाहिलेच नव्हते. चिकटपट्टी आणि सुतळीने बांधून ते पुढे चालले.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतकडे उतरताना घसरड्या मुरमावर एका मुलाचा घोटा मुरगळला. हाड शाबूत होतं, पण पाय टेकवत नव्हता. क्रेप बँडेज बांधून, त्याची बॅग दोघांनी आळीपाळीने घेऊन संध्याकाळी कुमशेत गाठलं. सकाळी एका माजी विद्यार्थ्याने त्याला जीपने राजूरला न्यायचं आणि तिथून घरी, असं ठरलं.

इथे खरा निर्णयाचा क्षण होता आणि तो अर्धाच नीट घेतला गेला. जाणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे एक पूर्ण तंबू होता. तो त्याने स्वतःहून काढून दिला. मुलगा मात्र त्या चार थोराड मुलांपैकी एक होता आणि त्याच्या सॅकमध्ये, एका कडेला उभे खुपसलेले, दुसऱ्या तंबूचे खांब होते. मुलगा वेदनेत, जीपवाला घाईत, सर बुटाच्या खटपटीत. सॅक तशीच जीपमध्ये गेली.

हे कळलं हरिश्चंद्रगडावर, दुपारी चारच्या सुमारास. कापड आहे, खांब नाहीत. उरलेल्या बावीस जणांना पाच तंबू. मॅडमनी लगेच मुलींसाठी तीन तंबू पक्के केले; नऊ मुली आणि त्या स्वतः. उरलेल्या दोनांत आठ मुलगे. सर, दुसरा माजी विद्यार्थी आणि दोन मुलगे बाहेर राहिले. गुहा भरलेल्या होत्या. ज्या कुटुंबाकडे जेवण सांगितलं होतं त्यांनीच तोडगा काढला. “आमच्या झापात या की सर, चौघं काय जड हायत का?” झाप म्हणजे गवताने शाकारलेली झोपडी. बिनखांबाचं कापड झापाच्या वाऱ्याकडच्या बाजूला लावलं.

रात्री सर्वांत उबेत तेच चौघं झोपले.

तंबूंत मात्र तीन मुलांची झोप झाली नाही. त्यांतल्या दोघांकडे सगळ्यांत महागड्या स्लीपिंग बॅगा होत्या. झाडीत अडकते म्हणून या तिघांनी कॅरीमॅट रतनवाडीतच ठेवून दिल्या होत्या. अंगाखाली स्लीपिंग बॅगेतलं भरण दाबलं जातं, त्यात हवा उरत नाही, आणि गारवा जमिनीतून चढतो. शेजारी साध्या मॅटवर सोलापुरी चादर आणि शाल घेतलेला मुलगा सकाळी उठवावा लागला. पहाटे मॅडमनी फेरी मारली तेव्हा त्यांना हे कळलं. त्यांनी रिकाम्या सॅका त्या तिघांच्या अंगाखाली सरकवल्या. ही युक्ती आधी सांगून ठेवण्यासारखी होती.

सकाळी गरम काही नव्हतं. स्टोव्ह न नेण्याचा निर्णय मला आजही बरोबरच वाटतो, पण रात्रीच्या जेवणाच्या वेळी ‘सहाला चहा हवा’ एवढं सांगायचं राहिलं आणि मुलं आठपर्यंत कुडकुडत बसली.

चौथ्या दिवशी सगळे पाचनईला उतरले. घोट्याच्या मुलाला अस्थिभंग नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

खांबांच्या बाबतीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मांडतो. सरांचं मत, तंबू कधीच फोडून वाटू नये. एक तंबू एका पाठीवर, आणि उचलणारा नसेल तर तंबू कमी करा. माझं मत थोडं वेगळं आहे. वाटणी फोडायला हरकत नाही, कारण मुलांच्या पाठीला चार किलो एकदम जड पडतात. पण कुणाकडे काय आहे तो कागद मोहीमप्रमुखाच्या खिशात हवा, आणि गटातून कुणीही बाहेर पडलं, अगदी तासाभरासाठी, तरी त्याची बॅग त्या कागदाशी ताडून मगच सोडायची. इथे कागद होता. तो शाळेच्या कपाटात होता.

जीपचा पर्याय पूर्णपणे नाकारायला नको होता, असं मॅडम आता म्हणतात. तंबू तिसऱ्याच रात्री लागणार होते. ते जीपने थेट पाचनईला जाऊन तिथून वर वाहता आले असते. गरम कपडे आणि झोपायचं सामान मुलांजवळच राहिलं असतं, म्हणजे त्यांचा मूळचा आक्षेपही उरला नसता. बैठकीत हा पर्याय ‘सगळं जीपने’ किंवा ‘काहीच नाही’ असा मांडला गेला आणि तसाच फेटाळला गेला. सर अजून राजी नाहीत. पुढच्या वर्षीच्या बैठकीत हा वाद पुन्हा होईल.

बुटांची तपासणी मोठ्यांपासून सुरू व्हावी, हे सरांनीच सुचवलं. कॅरीमॅट बाहेर न बांधता सॅकच्या आत गोल उभी करून तिच्या पोकळीत सामान भरायचं, हे दोन मुलांनी शोधून काढलं. तसं केलं तर झाडीत काही अडकत नाही, आणि ती ठेवून जायचं निमित्तही संपतं.

आणि एक गोष्ट काट्यावरच्या त्या दिवसाची. मुलांची वजनं आणि त्यांना झेपणारी ओझी फळ्यावर लिहिली होती, सगळ्यांना दिसतील अशी. छत्तीस किलोंची मुलगी परतल्यावर माझ्याशी बोलताना म्हणाली, “सामान कमी दिलं ते बरं झालं, पण सगळ्या वर्गाला माझं वजन कळलं ना.” दुसऱ्या दिवशी तिने घोटा मुरगळलेल्या मुलाच्या वाटणीतली पाण्याची एक जास्तीची बाटली कुणाला न सांगता उचलली होती. मॅडमना ते गडावर पोहोचल्यावर कळलं आणि त्या रागावल्या. पुढच्या वेळी वजनं बंद खोलीत घ्यायची आणि ओझ्याचा आकडा प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असं ठरलं आहे. कमी ओझ्याच्या मुलांना दुसरं कुठलं काम द्यायचं, शिट्टी आणि हजेरी, खुरपी आणि कचऱ्याच्या पिशव्या की वाटेवरच्या पाण्याची नोंद, यावर मॅडमनी मुलांनाच विचारायचं ठरवलं आहे.